बागेसाठी मधल्या साइजची चेनसॉ घ्यायचीय, ४५ सीसी की ५५ च्या पुढे?

गडग्यापलीकडे
मंडळी नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय, चूभूद्याघ्या.

गुहागर तालुक्यात आमची अडीच एकर बाग आहे. साधारण साठ हापूस, शंभरेक काजू, गडग्याच्या कडेने ऐन-किंजळ आणि वर सड्याच्या बाजूला बाबांनी कधीकाळी लावलेल्या आकेशिया. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आलं तेव्हा दोन रायवळ आणि एक फणस आडवा झाला, कटरवाला आठ-आठ दिवस मिळेना (सगळ्या गावाचीच झाडं पडलेली), म्हणून घाईघाईत ऑनलाइन ५८ सीसीची बावीस इंची बारवाली (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) मशीन मागवली. पहिलं वर्ष बरं गेलं, मग दर पावसाळ्यानंतर ती चालूच व्हायची नाही, दरवर्षी दोन-तीन हजार घालायचे, यंदा मेकॅनिक म्हणाला पिस्टन गेला, आता हिच्यात पैसे घालू नका.

तर नवीन घ्यायचीय, चांगल्या कंपनीची. बजेट ४० हजारांच्या आसपास, थोडं वर गेलं तरी चालेल. दुकानदार म्हणतो आंबा-फणस कापायचा तर ५५ च्या खाली बघूच नका. मेव्हणा म्हणतो ३० सीसीवाली बास. मी मधल्यामध्ये. काय घेऊ?

फाटीवाला
मोठीच घे भावा. मोठ्या मशीनने छोटं काम होतं, छोट्या मशीनने मोठं होत नाही. विषय संपला.

काजूबी
फाटीवाला, विषय संपला नाही, तुमची कंबर अजून शाबूत आहे एवढंच. सात किलोची मशीन घेऊन उतारावर काजूच्या फांद्या तासभर तोडून दाखवा, मग बोलू.

शुद्धलेखनाचा_वैरी
अवांतर: चेनसॉ काय, साखळी-करवत म्हणा की.

फाटीवाला
साखळी-करवत मागितली तर दुकानदार कुत्र्याची साखळी काढून देईल. आमच्याकडे सगळे कटरच म्हणतात.

कार्बोरेटर
मी चिपळूणजवळ अशा मशिनी दुरुस्त करतो, पंधरा वर्षं झाली. सीसी नंतर बघू, आधी चार गोष्टी सांगा. वर्षाला मशीनमध्ये पेट्रोल किती लिटर जातं? नेहमी कापता त्या लाकडाचा घेर किती, म्हणजे वर्षात एकदा येणाऱ्याचा नाही, दर आठवड्याला हाताखाली येतं त्याचा? मशीन धरणार कोण? आणि जवळचं स्पेअरचं दुकान किती लांब? ह्याची उत्तरं दिलीत की मशीन आपोआप ठरते.

आणि हो, जुन्या मशीनमध्ये ऑइल कुठलं घालत होतात, किती?

गडग्यापलीकडे
कार्बोरेटर दादा, धन्यवाद. काल टेप घेऊन बागेत फिरलो. काजूच्या फांद्या म्हणजे मनगटापासून मांडीएवढ्या. आकेशिया घेर तीन ते चार फूट. ऐन-किंजळ चारच्या आसपास, पण ते आम्ही तोडत नाही, फक्त कवळ (पाल्याच्या डहाळ्या) आणि मेलेल्या फांद्या. हापूसची छाटणी, जास्तीत जास्त दोन-अडीच फूट घेर. सगळ्यात मोठा रायवळ आठ फूट, तो उभा आहे आणि बाबा जिवंत असेपर्यंत उभाच राहणार.

पेट्रोल वर्षाला दहा-बारा लिटर असेल. धरणार मी, महिन्यातून दोनदा डोंबिवलीहून येतो तेव्हा, आणि एरवी बाबा. वय ६८, ऐकत नाहीत. स्पेअर २५ किलोमीटरवर.

ऑइल... बाइकचं होतं घरात, २०डब्ल्यू-४०. रंग लालसर येईपर्यंत घालायचो.

कार्बोरेटर
दंडवत.

पिस्टन का गेला ते कळलं. ते चार-स्ट्रोकचं ऑइल, त्या इंजिनाचं तेल वेगळ्या चेंबरमध्ये राहायचं असतं. हे टू-स्ट्रोक इंजिन, ह्याला वेगळी ऑइल टाकी नाही, पेट्रोलबरोबर जे आत जातं तेच त्याचं तेल. सायलेन्सर काढून भोकातून आत बघा, पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर तेल कमी पडून घासलाय. चांगल्या कंपनीचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरच्या कॅनला १००. साधं असेल तर २५ ला १, म्हणजे लिटरला ४०. मोजूनच. मेडिकलमध्ये दहा रुपयाची सिरिंज मिळते. रंगावरून काही कळत नाही, ऑइल कंपन्या रंग आपापल्या मनाने घालतात.

आता घेराचं. घेर भागिले ३.१४ केलं की जाडी. चार फूट म्हणजे १२२ सेंमी, जाडी ३९ सेंमी, पंधरा-साडेपंधरा इंच. तुमच्या कामातलं सगळ्यात जाड रोजचं लाकूड हे एवढं. सोळा इंची बार एका बाजूने जेमतेम पार होतो, अठरा आरामात. आणि दोन्ही बाजूंनी कापलं तर बारच्या जवळजवळ दुप्पट जाडी निघते. तुमचा तो आठ फुटी रायवळ म्हणजे जाडी ७८ सेंमी, ३१ इंच, तोही अठरा इंची बारने दोन्हीकडून निघेल, फक्त कापणाऱ्याला कळत असेल तर. बावीस इंच तुम्हाला कशालाच लागत नव्हता. लांब बार म्हणजे जास्त चेन, जास्त घर्षण, जास्त दात घासायचे, आणि टोक कुठे लागतंय ते दिसत नाही.

दोडामार्गी
माका ह्या पटला. आमच्या थंय एकान ७० सीसी घेतल्यान, वर्सात दोन वेळा चालू करता, बाकीचो वेळ ती पडवीत आणि तो शेजाऱ्याची लहान मशीन मागूक फिरता.

फाटीवाला
ठीक आहे, पण छोटी घेतली आणि मग पुन्हा वादळ आलं तर? निसर्गच्या वेळी, जून २०२० ला, आमच्या दापोलीकडे अख्ख्या वाड्या रस्त्यावर होत्या, माड-पोफळी-आंबे. ३० सीसीवाले रडत होते.

कार्बोरेटर
रडत होते ते चेन बोथट झाली म्हणून. मुळांची माती, वाळू, त्यात माड. माडाचं खोड बाहेरून कडक, आतून तंतू, त्यावर दात लवकर जातात, सीसी कितीही असोत. पण तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, ३० सीसी ह्यांना मीही सांगणार नाही. आकेशिया कडक लाकूड, रोज चार फूट घेर त्या मशीनने काढायचा म्हणजे इंजिन सारखं दाबून चालवायचं, ते दोन वर्षांत थकतं.

वादळाचं काम वेगळं. तेव्हा पैसे देऊन मोठ्या मशीनचा माणूस बोलवा. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या लाकडासाठी रोज दोन किलो जास्त उचलायचे का, ते बाबांना विचारा.

काजूबी
वजनावरून सांगते, मी स्वतः वापरते, वेंगुर्ल्याच्या बाजूला चार एकर काजू. कॅटलॉगमधलं वजन बार-चेन आणि पेट्रोलशिवायचं असतं हे मला घेतल्यावर कळलं. स्टिलची एमएस २५० कागदावर ४.६ किलो, ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट. बार, चेन, भरलेली टाकी, चेन ऑइल धरून हातात सहाच्या पुढे जाते. छाटणीला मी त्यांचीच १८० वापरते, ३१.८ सीसी, सोळा इंची बार, चार किलोच्या आसपास. पण माझ्याकडे आकेशिया नाही.

आणि नुसत्या सीसीवर जाऊ नका. त्याच कंपनीच्या २६१ आणि २७१ दोन्ही ५०.२ सीसी. पहिली ४.९ किलोची आणि ३ किलोवॅट, दुसरी ५.६ किलोची आणि २.६. सीसी तेच, वजन जास्त आणि ताकद कमी! कारण पहिली रोज आठ तास जंगलात काम करणाऱ्यासाठी बनवलेली, दुसरी शेतकऱ्यासाठी, किमतीतही तेवढाच फरक. म्हणून किलो आणि किलोवॅट दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून बघा. मी वहीत तक्ता केला होता, नवरा हसला, मग स्वतःचा पॉवर टिलर घेताना तीच वही मागायला आला.

गडग्यापलीकडे
काजूबीताई, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. हुस्क्वार्नाची ४५० पण बघतोय, तीही ५०.२ सीसी आहे, २.४ किलोवॅट. कोणी वापरली आहे का?

आडवा_ओंडका
वापरतोय, नाशिकला, द्राक्षबागेची जुनी झाडं आणि बांधावरच्या बाभळी. मशीन उत्तम. पण दादांनी विचारलेला चौथा प्रश्न विसरू नका, स्पेअर किती लांब. मला रीकॉइलची (दोरी ओढून मशीन चालू करतो त्याची) स्प्रिंग मागवायला बारा दिवस लागले, ऐन हंगामात. दोन्ही ब्रँड चांगले आहेत, ज्याचा माणूस तुमच्या बाजारपेठेत बसतो तो घ्या.

बॅटरीबाबा
कोणी बॅटरीवाल्या बोललं नाही? आवाज नाही, वास नाही, ऑइल मोजायचं नाही, पावसाळ्यानंतर हमखास चालू. घराजवळच्या छाटणीला मी तीच वापरतो. मात्र चार फुटी आकेशिया दिवसभर पाडायच्या तर दोन-तीन बॅटऱ्या लागतील आणि बॅटऱ्यांच्याच किमतीत दुसरी मशीन येते. सड्यावर लाइट कुठली म्हणा.

थंडीतला_कोकणी
मी ओंटारियोत आहे, मूळचा संगमेश्वरचा, इथे हिवाळ्याचं सरपण स्वतः फोडतो. एक भर घालतो. तुमची मशीन दर पावसाळ्यानंतर का चालू होत नव्हती? आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतो. कोकणात जून ते सप्टेंबर मशीन पडवीत, टाकीत अर्ध पेट्रोल, हवा अशी की मीठसुद्धा डबीत पाणी होतं. पाणी जास्त झालं की पेट्रोल आणि इथेनॉल-पाणी असे दोन थर होतात, ते खालचं पाणी कार्बोरेटरमध्ये जातं, आतला रबरी पडदा कडक होतो. पावसाआधी टाकी रिकामी करा, मग मशीन चालू करून आतलं उरलेलं जळून बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा. मिक्स केलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. आम्ही इथे वसंतात हेच करतो, फक्त ऋतू उलटा.

कार्बोरेटर
+१००. माझ्या दुकानात ऑक्टोबरमध्ये रांग लागते ती ह्याचीच. खरं तर हे सगळ्यांनी केलं तर माझा दसरा-दिवाळीचा धंदा बुडेल, पण सांगतो.

गडग्यापलीकडे
म्हणजे दरवर्षीचे दोन-तीन हजार मी अर्ध्या टाकी पेट्रोलपायी घातले. शाब्बास मी.

आणखी एक, जुनी मशीन शेवटी शेवटी नुसता भुसा उडवायची, धूर निघायचा लाकडातून, आणि काप उजवीकडे वाकडा जायचा. तेही पिस्टनमुळेच का?

कार्बोरेटर
नाही. ती बोथट चेन होती, पिस्टन बिचारा फुकट मार खात होता. लाकडाचे चिप्स पडायला हवेत, ढलप्या ढलप्या. पीठ पडायला लागलं की थांबा आणि कानस काढा. वाकडा जातो कारण एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड किंवा बोथट. माणूस उजव्या हाताने घासताना एक बाजू मन लावून घासतो आणि दुसरी उरकतो, सगळ्यांचंच होतं.

कानस गोल पाहिजे आणि चेनच्या मापाची. तुमच्या जुन्या मशीनला बहुतेक .३२५ पिच (चेनच्या कड्यांचं माप, इंचात) असेल, त्याला ४.८ मिलीमीटरची कानस. ३/८ लो प्रोफाइल, छोट्या मशिनींना येते ती, तिला ४ मिमी. पूर्ण ३/८ ला ५.२. पिच माहीत नसेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजा आणि दोनने भागा. दाताच्या वरच्या धारेला ३० अंशाचा कोन, बहुतेक चेनवर तशी रेघ असते, कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच तीन-चार हात, मोजून. पाच-सहा वेळा दात घासले की त्यापुढचं बुटकं टोक, ज्याला आम्ही लिमिटर म्हणतो, तेही सपाट कानशीने उतरवायचं, दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली. ते विसरलात तर धार असूनही मशीन लाकडावरून घसरत राहते. आणि ते जास्त उतरवलंत तर मशीन लाकडात शिरून आदळते, हात दुखतात, ते अजून वाईट.

चेन ऑइल वेगळं घ्या. जळकं काळं ऑइल घालू नका, त्यातल्या लोखंडाच्या कणांनी पंप जातो आणि आंब्याच्या जखमेवर ते उडतं ते वेगळंच. ऑइल येतंय का बघायला बारचं टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस करा, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

थंडीतला_कोकणी
अवांतर पण राहवत नाही. आजची चेन जशी दिसते ती कल्पना १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचली. ओंडक्यात एक भुंग्याची अळी लाकूड पोखरताना त्याला दिसली, ती जबडे डावी-उजवीकडे फिरवत दोन्ही बाजूंनी लाकूड खात होती. त्यावरून त्याने डावा दात, उजवा दात अशी चेन बनवली, १९४७ ला कंपनी काढली. म्हणजे तुमच्या आंब्याच्या खोडकिड्याच्याच जातकुळीतल्या अळीची नक्कल.

काजूबी
बघा, जन्मभर ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याचीच नक्कल हातात घेऊन फिरतेय.

वेताळटेंबा
झाडं छाटण्याचं काम करतो, पुण्यात. मशीनवर सगळे बोललेत, मी बाबांवर बोलतो, म्हणजे तुमच्या.

६८ वर्षांचे आहेत, एकटे असतात, म्हणजे खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही आणि शिडीवर मशीन न्यायची नाही ह्या दोन गोष्टी त्यांच्याकडून वदवून घ्या. वरच्या फांदीला दांड्याची करवत. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. चेन ब्रेक त्यासाठीच पुढे असतो, तो नसलेली किंवा काढून टाकलेली मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नका. डावा अंगठा हँडलखालून घट्ट गुंडाळलेला पाहिजे. बाकी स्लिपर आणि लुंगीवर चेनसॉ चालवणारे मी कोकणातच पाहिलेत, त्यांना माझा नमस्कार. हेल्मेट, जाळी, कानाला मफ आणि पायाला संरक्षक पँट, हिच्यात लांब धागे असतात, चेन लागली की ते स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंडाळून मशीन अडकवतात. ४० च्या बजेटमधून चार-पाच हजार ह्याला आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात मशीन बघा.

आंब्याची जाड फांदी कापताना पहिला काप खालून, मग थोडं बाहेर सरकून वरून, फांदी पडली की मग उरलेला खुंट. नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलून निघते. जखमेवर १० टक्के बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

पडलेलं झाड मुळांसकट उपटलेलं असेल तर बुंध्याजवळ कापताना मुळांच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, वजन सुटलं की मुळांचा गोळा खाडकन परत खड्ड्यात बसतो.

सातबारा
कोणीच बोललं नाही म्हणून. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, साग, खैर, चिंच वगैरे आहेत, ही तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. काजू आणि आकेशिया त्या यादीत नाहीत. पण लाकूड टेंपोत घालून बाहेर न्यायचं असेल तर आधी वनखात्यात वाहतूक पासाची चौकशी करा, नाक्यावर नको.

फाटीवाला
सगळं वाचलं. मी माझं मोठी घे मागे घेतो. अर्ध.

गडग्यापलीकडे
मंडळी, महिनाभराने अपडेट.

४५ सीसीची घेतली, चिपळूणला, जिथे स्पेअर मिळतात तिथूनच. दुकानदार अठरा-वीस इंची बार देत होता, मी सोळाच मागितला, त्याने दोनदा विचारलं. हेल्मेट आणि पँट आधी घेतली, वेताळटेंबा ह्यांच्या हुकुमावरून. सिरिंज घेतली. मेडिकलवाल्याने कशाला हवी विचारलं, म्हटलं आंब्याच्या कामाला, तो अजून संशयाने बघतो.

पहिल्या दिवशीची फजिती सांगितलीच पाहिजे. घरी आणून बार-चेन मीच बसवली, चालू केली, लाकडावर टेकवली तर नुसता धूर. म्हटलं झालं, नव्या मशीनचेही तेच. बाबा खुर्चीवरून उठून आले, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, दात मागे तोंड करून बसवलेस रे. चेन उलटी! बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे हवी. पुन्हा कधी विसरणार नाही.

त्यानंतर तीन आकेशिया काढल्या, चिप्स पडले, पीठ नाही. बाबांनी दहा मिनिटं धरली आणि म्हणाले आधीच्या भुतापेक्षा बरी. खांद्याच्या वर नेणार नाही म्हणालेत, शिडीबद्दल अजून बोलणी चालू आहेत.

कार्बोरेटर
अभिनंदन. पहिल्या दोन-तीन टाक्यांत चेन ताणली जाते, सारखी तपासा, थंड असताना. हाताने फिरली पाहिजे, पण खाली लोंबता कामा नये.

आडवा_ओंडका
जुनी ५८ सीसी विकणार का? बंद असली तरी चालेल, बार पाहिजे.

गडग्यापलीकडे
बार देतो, कुरियरचे पैसे तुमचे. बाकीची बाबा देणार नाहीत, तिची पेट्रोलची टाकी त्यांनी सिरिंजच्या शेजारी माप म्हणून ठेवलीय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.